मागून हाक

दही किंचित आंबट झालं होतं. आदल्या संध्याकाळी विरजलेलं, सकाळी स्टीलच्या लहान डब्यात भरून आईच्या मांडीवर टॅक्सीतून सहारपर्यंत आलेलं ते दही विजूच्या उजव्या तळहातावर पडलं, तेव्हा त्याचा वास मला आधी आला आणि मागोमाग पलीकडच्या गावठाणातल्या आंब्यांच्या मोहोराचा. माघ महिना होता. साडेआठचं ऊन धुक्यातून आणि धुरातून गाळून आल्यासारखं फिकट, विमानतळाच्या काचांवर रेंगाळत असलेलं. तळहातावरचं ते पांढरं दही, त्यात अजून न विरघळलेले साखरेचे दाणे, आणि मनगटाला सैल होतं म्हणून कोपराकडे सरकवलेलं बाबांचं जुनं घड्याळ, एवढंच चित्र गेली कित्येक वर्षं माझ्या डोळ्यांसमोर अवचित उभं राहतं. विरजण लावताना तर हटकून राहायचं. म्हणून आमच्याकडे दही विकतचं आणतात, आणि त्याचं कारण मी कुणाला सांगत नाही.

विजू माझा धाकटा भाऊ. तेव्हा सोळा वर्षांचा, अकरावीतला, ओठांवर नुकती लव फुटलेला. त्याने तोवर केलेला सर्वांत दूरचा प्रवास म्हणजे मार्वेहून होडीने मनोरीला, आणि तोही काही एकट्याने नव्हे. त्या सकाळी तो एकटा दोहाला निघाला होता. वाटेत बहरीनला उतरून दुसरं विमान पकडायचं होतं, मध्ये चार तासांचा अवधी होता, आणि दोहाच्या इस्पितळात आमचे बाबा चिरडलेला उजवा पाय घेऊन पडून होते. कामाच्या ठिकाणी लोखंडी नळांची रास घसरून त्यांच्या पावलावर आली होती. पाऊल गेल्यातच जमा होतं. आता विष वर चढत होतं. डॉक्टर म्हणत होते, गुडघ्याखाली कापू द्या, गुडघा वाचेल. बाबा म्हणत होते, घरचं कुणीतरी डोळ्यांसमोर येऊ दे, मग सही करतो. कुणी किती समजावलं तरी ते ऐकेनात. फोनवर आईशी बोलताना लहान मुलासारखे रडले. डॉक्टर शुक्रवारपर्यंत थांबायला तयार होते, त्यानंतर गुडघ्याची शाश्वती नाही असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. आम्ही सहारला उभे होतो तो गुरुवार होता.

बाबा टर्नर होते. आखातात जाण्याआधी चौदा वर्षं त्यांनी साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथ चालवला होता, आणि लेथ हे उभ्याने करायचं काम आहे. गुडघा असला तर खाली खोटा पाय लावून माणूस यंत्रासमोर उभा राहू शकतो, वाकू शकतो, पुन्हा सरळ होऊ शकतो. गुडघा गेला की उरतो तो स्टुलावर बसणारा माणूस. हे आम्हाला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती, आमच्या वस्तीत यंत्रांनी खाल्लेली माणसं कमी नव्हती. त्या आठवड्यात आमच्या घरात गुडघा हा शब्द देवाचं नाव घ्यावं तसा हळू आवाजात घेतला जात होता.

आम्ही साकीनाक्यालाच राहायचो. दोन खोल्या, वर पत्रा, आणि पत्र्यावरून दिवसभर जाणारी विमानं. ती इतकी खालून जात की बोलणारा माणूस वाक्याच्या मधोमध थांबायचा, विमान गेलं की उरलेलं वाक्य पुरं करायचा, आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. पाहुणे तेवढे दचकायचे. विमानांच्या पोटाखाली जन्म काढूनही त्यांच्या आत काय असतं हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. मग एकेक करून गल्लीतले फिटर, वेल्डर, टर्नर आखाताकडे जाऊ लागले, आणि डोक्यावरून जाणाऱ्या आवाजात आपलं माणूस असू शकतं हे हळूहळू अंगवळणी पडलं.

घरात पासपोर्ट होता तो फक्त विजूचा. दहावी झाली की तिकडे बोलावून हाताखाली शिकवू, म्हणून मागच्या सुट्टीत बाबांनी तो हौसेने काढून ठेवला होता. माझा काढला नव्हता, मुलीला पासपोर्ट कशाला लागतो. आईचा तर प्रश्नच नव्हता. मी वीस वर्षांची होते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, इंग्रजी बरं बोलत होते. मी गेले असते तर, हा विचार मी त्या दिवसांत पुष्कळदा केला आणि प्रत्येक वेळी गिळला. कंपनीने धावपळ करून विजूचा व्हिसा मिळवला. बहरीनपर्यंतचं तिकीट इकडे काढलं. बहरीन ते दोहाचं तिकीट कंपनीने तिकडेच काढून सुट्टीवर येणाऱ्या एका माणसाच्या हाती पाठवलं. पासपोर्ट, व्हिसाचा कागद आणि पहिलं तिकीट आत्याने शिवलेल्या कापडी पिशवीत घालून ती विजूच्या गळ्यात, शर्टाच्या आत अडकवली होती. दुसरं तिकीट आणि इस्पितळाचं पत्र एका लांबट खाकी पाकिटात होतं, ते त्या पिशवीत मावेना. ते त्याने हातातच धरायचं असं ठरलं. पाकीट हातातून सोडायचं नाही, असं मीच त्याला टॅक्सीत तीनदा बजावलं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. यजमान वारल्यावर ती मालवणहून आमच्याकडे आली ती कायमचीच, आणि येताना तिने नियमांचं एक गाठोडं बरोबर आणलं. निघणाऱ्याला ‘खंय’, म्हणजे कुठे, म्हणून विचारायचं नाही. निघणाऱ्याने जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. एकदा पाऊल बाहेर पडलं की त्याने मागे फिरायचं नाही, आणि मागे राहिलेल्यांनी त्याला मागून हाक मारायची नाही, मग घराला आग का लागेना. मी प्रयोगशाळेतून घरी येणारी मुलगी. आत्याची थट्टा करणं हा माझा आवडता उद्योग होता. बाबा पहिल्यांदा आखाताला निघाले तेव्हा त्यांचा चष्मा फळीवर राहिलेला मला दिसला, आणि मी बिनदिक्कत ओरडले, “बाबा, चष्मा!” बाबा गल्लीच्या तोंडाशी पोचले होते. ते परत आले, चष्मा घेतला, माझ्या डोक्यावर टपली मारून हसले आणि गेले. आत्याचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. मी तिला म्हटलं, “आत्या, चष्म्याशिवाय विमान चुकलं असतं, ते चाललं असतं का?”

पुढे पाच वर्षांनी अपघाताची तार आली, तेव्हा तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दोष नव्हता, राग तर मुळीच नव्हता. आपल्याला ठाऊक होतं अशी एक थकलेली खूण होती. तिने मला चार शब्द सुनावले असते तर मी त्यांचा समाचार घेतला असता. नजरेला उत्तर देण्याची सोय कुठल्याच शास्त्रात नाही. त्या दिवसापासून सहारच्या सकाळपर्यंत, सहा रात्री, मी पाठ टेकली की गल्लीच्या तोंडाशी बाबा वळत आणि मी म्हणत असे, बाबा, चष्मा.

तर ती सकाळ. विजूने पाया पडायला सुरुवात केली. आधी आईच्या, मग आत्याच्या, मग माझ्या. वाकताना एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात पाकीट जमेना, तेव्हा बॅग खाली ठेवून ते पाकीट त्याने माझ्याकडे दिलं. “ताई, धर जरा.” मी ते काखेत धरलं. मग आईने डबा उघडला, त्याने तळहात पुढे केला, आईने दही घातलं, बोटाने साखर हलवली, आणि तो ते चाटून खाताना आम्ही तिघी त्याच्याकडे अशा पाहत राहिलो की जणू त्या दह्यावरच सगळा भार होता. आत्याने पदराने त्याचा हात पुसला. आईने बॅगेचा पट्टा त्या पुसलेल्या हातात दिला. “बाबांना सांग, गुडघा...” असं काहीसं ती म्हणाली. “येतो,” विजू म्हणाला. “ये,” आम्ही तिघी एकदम म्हणालो, आणि तो चालू लागला.

दरवाजा बावीस पावलांवर होता. ही पावलं मी नंतर मोजली. सहाव्या-सातव्या पावलाला पाकिटाचा कोपरा माझ्या दंडाला टोचला.

मी तोंड उघडलं होतं. श्वासही घेतला होता. तेवढ्यात माझ्या मनगटावर आत्याचा हात पडला. तिने पाकीट पाहिलं नव्हतं. तिने पाहिलं होतं फक्त माझं उघडलेलं तोंड. “गप रव गो,” ती माझ्या कानाशी म्हणाली, “फाटसून साद घालू नको. माझ्या भावाचो पाय आसा.”

तिच्या हातात जोर नव्हता. साठीची बाई, संधिवाताने वाकडी झालेली बोटं. मी झटकला असता तर हात गळून पडला असता. पण माझ्या घशात निघालेली हाक तिथेच थांबली, आणि ती आत्यामुळे थांबली असं म्हणणं हा शुद्ध लबाडपणा होईल. ती मी थांबवली. एकदा मागून हाक मारली होती तर पाऊल गेलं, आता मारली तर गुडघा जाईल, असा हिशेब माझ्या, म्हणजे आत्याची थट्टा करणाऱ्या माझ्या डोक्यात त्या क्षणी विजेसारखा लखलखला आणि मला तो पटला. तेवढ्यापुरताच पटला. पण तेवढाच वेळ हातात होता.

विजू दरवाजाशी पोचला आणि थांबला. त्याने बॅग उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. मोकळा झालेला हात एकदा छातीकडे गेला, पिशवी चाचपावी तसा. त्याची पाठ आमच्याकडे होती. मानेवर नुकतेच कापलेले केस, कॉलरच्या वर एक पांढरी रेघ. एक, दोन, तीन, चार. मग दरवाजावरच्या शिपायाने त्याला काहीतरी विचारलं, त्याने तिकीट दाखवलं आणि तो आत गेला. काचेत आकाश दिसत होतं, त्यामुळे आत गेलेलं माणूस लगेच दिसेनासं झालं.

धावत जाऊन त्याच्या समोर उभं राहायला कोणत्याच शास्त्राची हरकत नव्हती. आत्याच्याही नव्हती. खेड्यात असंच करतात, काही राहिलं तर पोरं आडवाटेने पुढे पळत जातात आणि समोरून येऊन वस्तू देतात. हे आत्यानेच मला नंतर कधीतरी सांगितलं, डोळे जमिनीकडे लावून. बावीस पावलं तर होती. वीस वर्षांची मुलगी ती पाच सेकंदांत पळाली असती. हे इतकं सोपं होतं की ते सुचलं नाही, आणि सुचलं नाही याचं दुःख मला हाक न मारल्याच्या दुःखापेक्षा जास्त लाजवतं.

“आत्या, पाकीट,” मी म्हटलं आणि ते काखेतून काढून पुढे धरलं. तिला अर्थ कळला तशी ती फुटपाथवर बसलीच. आईला कळायला थोडा वेळ लागला. मग ती दह्याचा उघडा डबा हातात घेऊन दरवाजाकडे धावली.

“बाई, आत जाता येणार नाही,” शिपाई म्हणाला.

“अहो, पोराचं तिकीट राहिलंय हो. पुढच्या विमानाचं. एवढं द्या ना त्याला.”

“मग मघाशी हाक मारायची ना. इथेच तर उभा होता.”

तो वाईट माणूस नव्हता. त्याने आम्हाला कोपऱ्यावरची एक खिडकी दाखवली, खिडकीतल्या निळ्या साडीच्या बाईंनी पाकीट घेतलं, नाव विचारलं आणि त्या आत गेल्या. आम्ही उभ्या राहिलो. बसायला जागा होती, पण बसलो तर काहीतरी निसटेल असं वाटत होतं. समोरून माणसं जात होती, कुणाच्या गळ्यात हार, कुणाच्या डोक्यावर दोरीने बांधलेली गादी. एका म्हाताऱ्याने निरोप द्यायला आख्खं गाव आणलं होतं आणि सगळे हसत होते. पाऊण तासाने निळ्या साडीच्या बाई बाहेर आल्या. पाकीट त्यांच्या हातातच होतं. “ते आतल्या तपासणीतून पुढे गेले होते, विमानाचं दार बंद झालं,” त्या म्हणाल्या. मग आईच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी धीर दिला, “काळजी करू नका. काउंटरवर विचारलं होतं त्यांना. पुढचं तिकीट घेऊन कंपनीचा माणूस बहरीनला उभा आहे, असं सांगितलं त्यांनी.”

आईचा चेहरा उजळला. “असं? त्याला कळवलं असेल कुणीतरी,” ती म्हणाली. मला मात्र ठाऊक होतं, बहरीनला कुणीही उभं नव्हतं. विजू जन्मात खोटं बोलला नव्हता. चेंडूने काच फुटली तरी स्वतः जाऊन सांगणारं पोर. तिकीट नाही असं सांगितलं तर आपल्याला परत पाठवतील, आणि मग शुक्रवार निघून जाईल, एवढं ओळखून त्याने पहिलं खोटं चोख इंग्रजीत सांगितलं होतं आणि जिथे आपलं कुणी नाही, पुढे जायला कागद नाही, अशा ठिकाणी तो डोळे उघडे ठेवून निघाला होता.

त्याचं विमान बहुधा आमच्याच पत्र्यावरून गेलं. आम्ही घरी पोचलो होतो. आवाज आला तशी शेजारची मुलं बाहेर पळाली आणि विजूदादा, विजूदादा म्हणून हात हलवू लागली. आई चुलीशी, दाराकडे पाठ करून उभी राहिली. पत्रा थरथरला, फळीवरची भांडी नेहमीसारखी किणकिणली, मग ती थांबली.

मी पाकीट घेऊन बाबांच्या जुन्या गाळ्यावर गेले. वस्तीत परदेशी फोन लावण्यासारखा फोन तिथेच होता. त्याच्या डायलला लहानसं कुलूप असायचं आणि किल्ली शेठच्या जानव्याला. शेठनी न विचारता कुलूप काढलं, दोहाचा ट्रंक कॉल बुक केला, मला स्टूल दिलं. बारा वाजले होते. त्यानंतरचे सहा तास मी तेलाच्या, तापलेल्या लोखंडाच्या वासात बसून काढले, आणि आशा माणसाला किती हीन करते हे मला तिथे कळलं. बाबांच्या लेथवर आता दुसरा कारागीर होता. फोन वाजला की तो यंत्र बंद करायचा, त्याचं पाहून बाकीचेही करायचे, सगळा गाळा हळूहळू आवाज सोडत गप्प व्हायचा, आणि शेठ फोन घेऊन कुणा गिऱ्हाइकाशी बोलून खाली ठेवायचे. मग यंत्रं पुन्हा सुरू. असं किती वेळा झालं कोण जाणे. दर वेळी ती माणसं माझ्याकडे न पाहता पुन्हा कामाला लागत, आणि मला वाटे, यांनी एकदा तरी माझ्यावर ओरडावं.

दिवेलागणीला दोहा लागलं. पलीकडचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, माझेच शब्द मला परत ऐकू येत होते. मी ओरडून तिकिटाचा क्रमांक सांगितला, विजूचं नाव सांगितलं, पुन्हा सांगितलं. कंपनीतला माणूस भला होता, पुण्याकडचा कुणी. “अहो ताई, बहरीनहून इकडे येणारं विमान अर्ध्या तासापूर्वी सुटलं,” तो म्हणाला. “मी कळवतो तिकडे. पण उद्या शुक्रवार, इथे सगळं बंद असतं. बघू या.” लाइन कट झाली. शेठनी फोनला कुलूप लावलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा काढलं आणि किल्ली तिथेच ठेवून ते घरी गेले.

विजू बहरीनच्या विमानतळावर एका नारिंगी खुर्चीवर पंचेचाळीस तास बसून होता. हे त्याने पत्रात लिहिलं ते चार ओळींत. खोबऱ्याच्या वड्या पुरल्या. झाडू मारणाऱ्या एका मल्याळी माणसाने दोनदा चहा दिला. झोपलो नाही, कारण झोपेत नाव पुकारलं तर कळणार नाही. घड्याळातली वेळ मुद्दाम बदलली नाही, म्हणजे तुम्ही दिवा कधी लावला ते मला कळत होतं. एवढंच. अरबीत काहीही पुकारलं तरी तो उठून उभा राहत होता, हे त्याने पुढे कधीतरी हसत सांगितलं. मी त्या हसण्यात सामील होऊ शकले नाही.

शनिवारी कचेरी उघडल्यावर कंपनीने दुसरं तिकीट काढलं, तेव्हा तो पोचला. बाबांनी त्याच्या समोर सही केली, आणि पाय गुडघ्याच्या वर चार बोटं कापला गेला. शुक्रवारी झालं असतं तरी कदाचित वरच कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. ‘कदाचित’ हा शब्द बहुधा त्यांनी दयेपोटी वापरला असेल, पण त्याला दोन्ही बाजूंनी धार असते आणि मी तो कसाही धरला तरी कापतो.

श्रावणात बाबा परत आले. खोटा पाय त्यांना कधी नीट साधला नाही. एकदा, कुणाला न सांगता, ते कुबड्या घेऊन गाळ्यावर गेले आणि आपल्या जुन्या लेथपुढे उभे राहिले. किती वेळ उभे राहिले, काय केलं, हे शेठनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नंतर ते तिथेच स्टुलावर बसून तयार सुट्या भागांची मापं तपासू लागले. विजूचं बहरीनचं विमान चुकलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. का चुकलं, हे घरातल्या कुणी त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी दारात बसून ते बोलत असत आणि वरून विमान आलं की सगळ्यांसारखे थांबत. विमान निघून जाई. मात्र उरलेलं वाक्य ते आता पुरं करत नसत, आणि आम्हीही ते मागत नसू.

आत्यात एक फरक पडला. मी कॉलेजला निघाले, गल्लीच्या तोंडाशी पोचले की मागून तिची साद यायची, “गो सुमन, रुमाल घेतलंस?” रुमाल घेतलेला असायचा. दुसऱ्या दिवशी छत्री, तिसऱ्या दिवशी पाण्याची बाटली. ती आईला बाजाराला जाताना हाक मारी, पोस्टमनला हाक मारी, शेजारच्या मुलांना शाळेत जाताना हाक मारी. म्हातारीचं डोकं फिरलं, असं लोक म्हणू लागले. मी दर वेळी थांबत असे, वळत असे, हो म्हणत असे. आम्ही दोघी त्या सकाळीबद्दल एक अक्षरही बोललो नाही, पण ती गेली तोवर, अकरा वर्षं, रोज सकाळी बोलतच होतो असं आता वाटतं.

विजू पुढे तिकडेच कामाला लागला. दर दोन वर्षांनी यायचा. बाबा गेल्यानंतरच्या एका सुट्टीत तो माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मटार सोलत होता. मी पोळ्या लाटत होते. कसलातरी दुसराच विषय चालला होता, आणि मध्येच तो म्हणाला, “ताई, दरवाजाशी मी थांबलो होतो, आठवतं? पाकीट नाही ते मला तिथेच कळलं होतं. तुझ्याकडे राहिलंय हेही कळलं होतं.”

माझं लाटणं थांबलं.

“वळणारच होतो गं. पण आत्या म्हणायची ना, मागे फिरायचं नाही. म्हटलं, बाबांच्या पायाचं काही वाईट नको व्हायला. म्हटलं, तू हाक मारशील. पाचपर्यंत मोजले मी.” त्याने एक शेंग उकलली, दाणे वाटीत टाकले. “जाऊ दे,” तो म्हणाला.

मी चारपर्यंत मोजले होते. तव्यावरची पोळी करपली, ती मीच खाल्ली.

त्या सुट्टीच्या शेवटी त्याला सोडायला मी गेले. सहारला आता पूर्वीचं काही राहिलेलं नाही. बैठी घरं काचांमागे लपलीत, दरवाजे आपोआप उघडतात. पण कुठल्यातरी कुंपणामागे आंब्याचं एखादं झाड उरलं असावं, कारण मोहोराचा वास येत होता. विजूच्या कानशिलांवर पांढरे केस आले होते. दही मी नेलं नव्हतं. “येतो,” तो म्हणाला आणि बॅग ओढत निघाला. दरवाजाशी त्याच्यापुढे दोन माणसं होती म्हणून तो थांबला, आणि मला आवरलं नाही.

“विजू!” मी मागून हाक मारली. चारचौघांत, या वयात, घसा फाडून.

दहा माणसं वळली. तोही वळला. इतक्या लांबून त्याचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

“काय राहिलं?” त्याने तिथूनच विचारलं.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही रिकामे होते. ते तसेच वर करून मी त्याला दाखवले, आणि तो रांग सोडून, बॅग बाजूला ठेवून माझ्याकडे पाहत उभा राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं आत जात होती.